यंदा दिवाळीत स्वयंपाकघरात उभं राहून रडायचं नाहीये. काय काय कमी करू?

मुलुंडची_शमी | २४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

नवरात्र बसलं की माझ्या पोटात गोळा येतो. बायका नऊ रंगांच्या साड्या नेसून लोकलमध्ये फोटो काढतायत आणि मी मनातल्या मनात डबे मोजतेय. चकलीचा एक, चिवड्याचे दोन, लाडवांचा एक, शेवेचा एक, करंज्यांचा एक.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला बाहेर आरती चालू असताना मी फ्रिजच्या आड उभी राहून रडले. कारण विचाराल तर शंकरपाळे. शेवटचा घाणा करपला, एवढंच.

घरात मी, नवरा, सासूबाई (७४ वर्षं, गुडघे गेलेत), मुलगी नववीत, मुलगा चौथीत. मुलुंड पूर्वेला दोन खोल्या आणि किचन. कामाच्या मावशी धनत्रयोदशीला गावी जातात त्या तुळशीच्या लग्नानंतर उगवतात. ऑफिसला सुट्टी २१ आणि २२, म्हणजे लक्ष्मीपूजन आणि पाडवा. पहिल्या आंघोळीला, सोमवारी २० तारखेला, मी बहुतेक ८:३२ च्या गाडीत असेन. रजा टाकली आहे, बघू.

हे सगळं चालतंच म्हणा. पण परवा चिरंजीव म्हणाले, "आई, तू दिवाळीत ओरडतेस. गणपतीत नाही ओरडत."

गणपतीला आम्ही दीरांकडे जातो. तिथे मी पाहुणी असते! हे त्याला कसं समजावू?

तर विचारायचं एवढंच, की तुमच्या घरात दिवाळीत सगळ्यांना मजा येते का? म्हणजे खरोखर सगळ्यांना, गॅसपाशी उभी असते तिलासुद्धा? येत असेल तर काय करता ते लिहा. 'वेळेचं नियोजन कर' असं कृपया कुणी लिहू नका, मी पोटापाण्यासाठी दिवसभर तेच करते.

---

पार्ल्याची_खमंग_काकू | २५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

शमी, नियोजन म्हणायचं नाही म्हणतेस, तर म्हणत नाही. पण भाजणी दसऱ्याआधी दळून ठेव. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूगडाळ अर्धी, शिवाय धने-जिरे. धुऊन, सावलीत वाळवून, एकेक वेगळं भाजायचं. वाटीभर पिठाला पोह्याचा एक मोठा चमचा मोहन आणि जवळजवळ पिठाएवढंच उकळतं पाणी. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झालं, दगडासारखी झाली तर कमी पडलं, सोऱ्यातून पडताना तुटली तर पाणी कमी. रडायचं काय त्यात?

आम्ही नोकऱ्या करून नाही का केलं? चर्चगेटला जाऊन-येऊन. घरी पाच प्रकार व्हायलाच हवेत. मुलांच्या नाकात तो वास जायला हवा.

---

दादर_फास्ट | २५ सप्टेंबर, सकाळी ९:०२ (लोकलमधून)

काकूंचा मान राखून: विकत आणा. दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, कुठेही घरगुती फराळ मिळतो, बचत गटाच्या बायका तर दारात आणून देतात. त्यांचीही दिवाळी होते. मी सात वर्षं चकलीला हात लावलेला नाही आणि लक्ष्मी अजून तरी रुसलेली नाही. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

फक्त ऑर्डर आत्ताच द्या. आणि खरेदीला शनिवारी १८ तारखेला (धनत्रयोदशी) रानडे रोडला पाऊल टाकू नका. तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते.

---

पार्ल्याची_खमंग_काकू | २५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

विकतच्या चकलीला तेलाचा वास येतो.

---

दादर_फास्ट | २५ सप्टेंबर, सकाळी ९:३४

आणि घरच्या चकलीला आईच्या चिडचिडीचा.

---

लालबागचा_बबन | २५ सप्टेंबर, रात्री १०:१५

वरचा शेवटचा प्रतिसाद वाचून हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो.

आमची चाळ गिरणगावातली. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी. करंज्यांचा दिवस प्रत्येक घराचा ठरलेला असायचा. आज जोशींकडे, उद्या आमच्याकडे, परवा टोकाच्या खोलीत. दुपारी जेवणं आटोपली की बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. एक साटा लावणार, दोघी लाटणार, एक सारण भरणार, एक कातणं फिरवणार आणि जिला कोणी काही सांगू शकत नाही अशी म्हातारी तळायला. आम्ही पोरं मोडक्या करंज्यांवर टपून. सासू-सुनांच्या सगळ्या बातम्या त्या चार तासांत फिरायच्या. माझी आई वर्षभर त्या दुपारची वाट बघायची. करंजीची नाही, दुपारची.

पुनर्विकास झाला. आता आई बाविसाव्या मजल्यावर. सगळे शेजारी तेच, फक्त दारं बंद. पहिल्या वर्षी आईने एकटीने पन्नास करंज्या केल्या आणि रात्री म्हणाली, "यापेक्षा गिरणीत डबल ड्युटी केलेली बरी."

शमीताई, मला वाटतं आपण चाळीतून फ्लॅटमध्ये येताना काम सोबत आणलं आणि मजा तिकडेच विसरलो. पाच प्रकार एका बाईने एका ओट्यावर करायचे हे कुणाच्या आजीनेही केलेलं नाही. आजीच्या वेळी सहा जणी होत्या. काकू, तुमच्याही वेळी असतील, आठवून बघा.

आता आम्ही एवढंच करतो: चार घरं मिळून एक रविवार, एकाच घरात, एकच पदार्थ. करंज्याच. बाकीचं विकत. आणि पुरुषांना लाटायला बसवतो. माझ्या करंज्या फुटतात. त्या मोडक्यांच्या वाट्याला.

---

पार्ल्याची_खमंग_काकू | २६ सप्टेंबर, सकाळी ६:५५

बबन, रात्री झोप लागली नाही रे.

माझ्याकडे नणंद होती. दोन जावा होत्या. समोरच्या कुलकर्णीबाई होत्या. सोऱ्या मी कधी एकटीने दाबलाच नव्हता. सोऱ्या दाबायला हे असायचे, आता खांदा दुखतो म्हणतात. तू म्हणतोस ते बरोबर आहे. भाजणीचं प्रमाण मात्र माझंच बरोबर.

---

निशाचर_परिचारिका | २६ सप्टेंबर, दुपारी ३:२०

मी एका सरकारी रुग्णालयात आहे. बावीस वर्षांत लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज या तिन्ही दिवशी घरी असं एकदाच झालं, तेही मॅटर्निटी लीव्हवर. दिवाळीत वॉर्ड बंद ठेवता येत नाही. उलट भाजलेले, डोळ्यात ठिणगी गेलेले, श्वास लागलेले त्याच रात्री येतात.

त्यामुळे आमच्या घरात सगळं करणं शक्यच नव्हतं. सुरुवातीला फार वाईट वाटायचं, अपराधी वाटायचं. मग एका वर्षी रोस्टर हातात आल्यावर आम्ही चौघं जेवताना मी विचारलं: अशी एकच गोष्ट सांगा, की जी झाली नाही तर तुम्हाला दिवाळी झाल्यासारखी वाटणार नाही. एकच. दोन सांगायच्या नाहीत.

मला वाटलं होतं फटाके, नवे कपडे, चकली. धाकटा म्हणाला, रात्री सगळे दिवे बंद करून फक्त पणत्यांच्या उजेडात जेवायचं. पाच मिनिटांचं काम! नवरा म्हणाला, मामाकडे डोंबिवलीला जायचं आणि पहाटे फडके रोडवर गर्दी बघायची. (पोरंपोरी नटूनथटून गणपतीला येतात, नुसती उभी राहतात, बाकी काही नाही. पण त्याचं तरुणपण तिथे गेलंय.) मोठीला भाऊबीजेला सगळी चुलत-मावस भावंडं एका जागी हवी होती. मला ड्युटीवरून आल्यावर कुणीही काहीही न विचारता चार तास झोप.

त्या चार गोष्टी आम्ही जीव लावून करतो. बाकी जमलं तर जमलं. भाऊबीज तर आम्ही सोयीच्या रविवारीच करतो. यंदा २३ ची भाऊबीज २६ ला. भावाला ओवाळायला रोस्टर बघावं लागतं, यमराज समजून घेतात.

---

मुलुंडची_शमी | २६ सप्टेंबर, रात्री ११:५८

निशाचरताई, हा प्रश्न मी घरी विचारणार आहे. भीती वाटतेय की सासूबाई म्हणतील, "अनारसे."

---

कुर्ला_तेरा_नंबर | २८ सप्टेंबर, दुपारी १:०५

इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. जूनमध्ये बाबा गेले. यंदा आमच्याकडे कंदील नाही, फराळ करायचा नाही असं मोठ्यांनी सांगितलंय. ते ठीक आहे, आईचंही मन नाही. पण माझी मुलगी सहा वर्षांची आहे. समोरच्या खिडकीत कंदील लागला की ती विचारणार. तिला काय सांगू, आणि आईसमोर काय करू?

---

गिरगावचे_अण्णा | २८ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

पोरी, घरात फराळ करायचा नाही एवढंच रीत सांगते. घरात फराळ असायचा नाही असं नाही. उलट अशा वर्षी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी ताटं आणून द्यायची असतात. आमच्या वाडीत ज्या घरी दुःख झालं त्या घरी सगळ्यात जास्त डबे जायचे. काढून टाकलेल्या ताटातून नाही, पहिल्या घाण्यातले. आपण ती रीत निम्मी लक्षात ठेवली आणि निम्मी विसरलो.

मुलीला खरं सांग. आजोबांची आठवण येते म्हणून यंदा आपला कंदील विश्रांती घेतोय. आणि उंबऱ्याशी एक पणती लावायला कुणाची ना नसते. आजोबांच्या फोटोपाशी तिच्याच हातून लाव. बायको गेली त्या वर्षी मी काहीच लावलं नव्हतं आणि समोरच्या तिसरीतल्या पोराने विचारल्याशिवाय माझ्या दारात पणती आणून ठेवली होती. तो मुलगा आता दाढीवाला झालाय, कॅनडात असतो. त्याच्या आईकडून अजून दरवर्षी चिवडा येतो.

कुर्ल्यात कुणी जवळ राहणारं असेल इथे, तर समजून घ्या.

---

चेंबूर_नाका | २८ सप्टेंबर, सायंकाळी ७:१२

समजलं अण्णा. कुर्ला_तेरा_नंबर, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. लाडू बेसनाचे की रव्याचे एवढंच सांगा.

---

मुलुंडची_शमी | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

दसऱ्याला जेवताना विचारलं. निकाल ऐका.

मुलगी: "रांगोळी. पण मी एकटी काढणार. ठिपके मोजायला कुणी यायचं नाही."

नवरा: पहिल्या आंघोळीच्या दिवशी दुपारी जेवून आडवं व्हायचं आणि दिवाळी अंक वाचायचा. कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. त्याचे बाबा तसं करायचे म्हणे. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला आत्ता कळलं. मी दर वर्षी त्या दुपारी त्याला पिशव्या देऊन पिटाळत होते.

मुलगा: किल्ला. मातीचा. पुठ्ठ्याचा नाही, ऑनलाइन मिळतो तो नाही.

सासूबाई: मी श्वास रोखून बसले. त्या म्हणाल्या, "कारीट फोडायचं."

मी म्हटलं, आणि फराळ? तर म्हणाल्या, "चकल्या मी तुमच्यासाठी करते गं. मला दात कुठे आहेत?" आणि मी करत होते त्यांच्यासाठी! मुलुंडला आल्यापासून, म्हणजे १९९८ पासून, त्यांनी कारीट फोडलेलं नाही. गावी तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडून 'गोविंदा गोविंदा' करायच्या. इथे फरशीवर डाग पडतील म्हणून कधी बोलल्याच नाहीत. सत्तावीस वर्षं.

पाच प्रकारचा फराळ कुणीच मागितला नाही. कुणीच!

माझं विचाराल तर मला दोन दिवस काही सुचलंच नाही, इतकी सवय गेलीये. मग रात्री भांडी घासताना आठवलं. लहानपणी पहाटे आई पाठीला तेल चोळायची, मग उटणं. लग्नानंतर मी सगळ्यांना चोळते. मला कुणी नाही. ते हवंय.

आता दोन अडचणी. एक, किल्ल्याला माती आणि जागा. दोन, कारीट मुंबईत मिळतं का?

---

दादर_फास्ट | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

कारीट दादरला फुलबाजाराच्या बाहेर बायका टोपलीत घेऊन बसतात, दिवाळीच्या आधी दोन-तीन दिवस. छोटी, हिरवी, कडू. पाटावर जुनं वर्तमानपत्र टाका, डाग पडत नाहीत. माझ्या सासूबाईंनाही विचारते आज. भीती वाटतेय.

---

गडवाट_घाटकोपर | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

किल्ला म्हटल्यावर मी आलोच. नीट लिहितो, कंटाळू नका.

माती: नर्सरीत लाल मातीची गोणी मिळते. कुंड्यांतली काळी माती वापरू नका, वाळली की भेगा पडतात आणि बुरूज ढासळतात. आत सगळी माती भरायची नाही. विटा, मोडक्या कुंड्या, दगड रचून डोंगराचा आकार करा. त्यावर गोणपाट चिखलात बुडवून पांघरायचं. वळ्या आपोआप सह्याद्रीसारख्या पडतात, ही गंमत कुठल्याही थर्माकोलला येत नाही. मग वरून चिखलाचा पातळ हात आणि हळीव पेरायचे. हळीव नीट हिरवे व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून वसुबारसेला सुरुवात केली तर भाऊबीजेला किल्ला हिरवा होतो आणि तोवर सगळे पाहुणे टकलू किल्ला बघून जातात. यंदा वसुबारस १७ ला. रविवारी १२ तारखेला चिखल कालवा. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. आमचा तोरणा २००४ साली एका बादलीत वाहून गेला.

कोणता किल्ला? यंदा पोरांना विषय तयार आहे. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. सगळे राजगड-रायगड करतील. माझं ऐका, खांदेरी करा. महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी, थळसमोरच्या बेटावर बांधायला घेतला आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी गलबतं पाठवली, लढाई केली, पण किल्ला उभा राहिलाच. मुंबईच्या पोराला ही गोष्ट सांगा, मोबाइल खाली ठेवतो की नाही बघा. शिवाय बेट असल्यामुळे उंच डोंगर नको, परातीत पाणी घालून समुद्र, आणि कागदी होड्या. जागाही कमी लागते.

जागा: सोसायटीच्या सेक्रेटरींना 'किल्ला करू का' असं विचारू नका. 'उद्घाटनाला याल का' असं विचारा.

---

माहीमचा_कंदील | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मी फक्त माझ्या खात्यापुरतं बोलतो. माहीमच्या कंदील गल्लीत अजून बांबूच्या काड्यांचे, कागदी झिरमिळ्यांचे कंदील बनतात. नुसता विकत घेऊ नका, मुलांना घेऊन जा आणि दहा मिनिटं काड्या बांधताना बघत उभे राहा. घरी करायचा तर चांदणीपेक्षा षटकोनी सोपा. खळ घरीच शिजवा, मैद्याची. बाटलीतल्या गोंदाने पतंगी कागद सुरकुततो.

पणत्या घ्यायच्या तर धारावीच्या कुंभारवाड्यात. तिथे चाक फिरताना दिसतं आणि एखादा आजोबा पोराच्या हातात मातीचा गोळा देतोही.

---

वाचनवेडा_विक्रोळी | ६ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

शमीताईंच्या यजमानांना माझा दंडवत. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ साली का. र. मित्र यांनी इथे मुंबईतच 'मनोरंजन'च्या अंकाने सुरू केली, तेव्हा ती दुपारची झोपसुद्धा शतक ओलांडलेली परंपरा मानायला हरकत नाही. जवळच्या वाचनालयात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी एकदा वर्गणी भरली की अंक बदलून बदलून वाचता येतात. मुलांसाठीचे वेगळे अंकही असतात.

---

फटाका_फुसका | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:००

सगळं बरोबर, पण फटाक्यांशिवाय मुलांना मजा कसली? आमच्या वेळी पहाटे चारला पहिला बॉम्ब कुणाचा याची शर्यत असायची.

---

निशाचर_परिचारिका | ६ ऑक्टोबर, दुपारी २:१०

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रात्री ८ ते १० ची वेळ घालून दिली आहे. पहाटे चारचा बॉम्ब आमच्या वॉर्डात ऐकायला येतो आणि पाठोपाठ त्याचा मालकही. फुलबाज्या सुती कपड्यांत, बादली शेजारी. यावर मी इथे वाद घालणार नाही, ड्युटी आहे.

---

पाली_गावठण | ७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईची मूळची ख्रिस्ती, वांद्र्याची. आमचा सण डिसेंबरात, पण बबनदादाचं वाचून राहवलं नाही. तुमच्या करंज्या त्या आमच्या नेवऱ्या. खोबऱ्याचं सारण, तसंच कातणं, आणि त्यावरून तशीच भांडणं.

पण आमच्याकडे कलकल असतात. गोड पिठाची गोटीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, शंखासारखी. काटे कमी पडले तर नवा कंगवा. परातभर करायला तीन तास लागतात आणि एकट्याने केले तर वेड लागेल. म्हणून एकट्याने कुणी करतच नाही. नाताळच्या आधी एका संध्याकाळी अख्खं घर टेबलाभोवती, पपा, काका, शाळेतली पोरं, कुणाची तरी नवी मैत्रीण. नवी सून घरात कशी मिसळणार ते कलकलच्या रात्री कळतं. मग कुसवारच्या, म्हणजे नाताळच्या गोडधोडाच्या, ताटल्या भरून शेजारी जातात, तुमच्या फराळाच्या ताटांसारख्याच. आमच्या मजल्यावरच्या मराठे आजींचं ताट दिवाळीला येतं, तेच नाताळला भरून परत जातं. रिकामं द्यायचं नाही ना.

शमी, तुझ्या पोराला शंकरपाळे कापायला दे. वाकडे होतील. होऊ देत.

---

कांजूर_स्लो | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. कामाच्या मावशी. त्यांना एक पगार बोनस आपण देतो, तो भाऊबीजेला देण्यात अर्थ नाही. त्यांची खरेदी धनत्रयोदशीच्या आधी, गाडीचं तिकीट त्याच्याही आधी. दसरा झाला की देऊन टाका. आमच्या ताई म्हणाल्या की सात घरांपैकी दोनच घरं वेळेवर देतात. त्या वाक्यानंतर मी त्याच दिवशी दिला.

---

मुलुंडची_शमी | ८ ऑक्टोबर, दुपारी १:३०

कांजूर_स्लो, आजच देते. लाज वाटली.

---

मुलुंडची_शमी | २५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

धाग्याचा हिशोब द्यायला आले.

रजा मंजूर झाली नाही. म्हणजे अर्धी झाली, सोमवारी दुपारी जॉइन व्हायचं होतं. म्हणून आम्ही पहाटे पावणेपाचला उठलो. सासूबाईंनी बाथरूमच्या दारात पाट मांडला, पेपर घातला आणि भिंतीला धरून कारीट फोडलं. 'गोविंदा' त्या इतक्या जोरात म्हणाल्या की खालच्या मजल्यावरच्या गुप्तांनी फोन केला, सगळं ठीक आहे ना. मग मुलांनी, नवऱ्याने, सगळ्यांनी फोडलं. सहा कारिटं आणली होती, पाच फुटली, एक घरंगळून सोफ्याखाली गेलं ते अजून सापडलेलं नाही.

माझ्या पाठीला तेल लेकीने लावलं. तिचे हात एवढे मोठे कधी झाले कळलं नाही. उटणं सासूबाईंनी. मी काही बोलले नाही, त्याही नाही.

फराळ: चकल्या, शेव, चिवडा विकत. (काकू, तेलाचा वास नव्हता. थोडासा होता.) शंकरपाळे घरी, चौघांनी मिळून, बारा तारखेच्या रविवारी. पोराने चौकोन सोडून सगळे आकार केले. एक घाणा करपला. तो नवऱ्याने खाल्ला.

नवरा दुपारी अंक तोंडावर ठेवून झोपला. किती पानं झाली विचारलं तर म्हणाला, "संपादकीय." रांगोळी लेकीने रात्री दीडपर्यंत काढली, मी ठिपके मोजायला गेले नाही. तीन चुकले होते. शपथ, बोलले नाही.

आमच्या मजल्यावर यंदा दोन दिवस लक्ष्मीपूजन झालं. अमावास्या २० ला दुपारी लागून २१ ला संध्याकाळी संपत होती, त्यामुळे गुप्तांची पूजा सोमवारी आणि आमची पंचांगाप्रमाणे मंगळवारी. एरवी दोघांची एकाच वेळी असते, म्हणून कधी एकमेकांकडे जाणंच व्हायचं नाही. यंदा ते आमच्याकडे आरतीला उभे राहिले आणि आम्ही त्यांच्याकडे.

ओरडले का? ओरडले. दोनदा. पोराने मोजलं. गेल्या वर्षी म्हणे मोजता आलं नव्हतं.

किल्ला खांदेरीच झाला, पार्किंगमध्ये जिन्याखाली. सेक्रेटरी काकांनी नारळ फोडला. सोसायटीतली अकरा पोरं रोज तिथेच चिखलात. हळीव इतके उगवलेत की तटबंदी दिसत नाही. मावशींची नात गावाला जायच्या आधी येऊन होड्या करून देऊन गेली. आता किल्ला कधी काढणार असं नोटीस बोर्डवर आलंय. पोरांनी खाली पेनने लिहिलंय, 'तुळशीच्या लग्नानंतर.'

---

कुर्ला_तेरा_नंबर | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

आमच्या दारात चार घरांतून ताटं आली. त्यातलं एक चेंबूरहून. आईने ताट हातात घेतलं आणि बऱ्याच दिवसांनी बाबांबद्दल बोलली, त्यांना बेसनाचा लाडू टाळूला चिकटायचा त्याबद्दल. पणती मुलीने लावली. अण्णा, नमस्कार करते.

---

लालबागचा_बबन | २६ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

आमच्या रविवारी यंदा नऊ घरं आली. ओटा पुरला नाही, लॉबीत सतरंजी टाकली.

एक चौकशी: पितळी सोऱ्या, 'सौ. ल. मा.' असं नाव कोरलेला, कुणाचा तरी आमच्याकडे राहिलाय. सोऱ्या करंज्यांना कशाला आणला होता हेही कळत नाही. बाविसावा मजला, येऊन घेऊन जा. करंज्या चारच उरल्यात, लवकर या.